चार दगडांचें आडनांव

इंग्लंडांत ‘फेदरस्टनहॉ’ हें एक विरळा आडनांव आहे. त्याचें लेखन लांबलचक. परंतु कित्येक घराणीं त्याचा उच्चार ‘फॅनशॉ’ असा आटोपशीर करितात. पहिलीं अक्षरें वाचून कोणासहि पिसाची आठवण व्हावी. पण येथें पिसाचा कांहींएक संबंध नाहीं. प्राचीन इंग्रजी समासांत ‘फेदर’ म्हणजे चार, ‘स्टान’ म्हणजे दगड, आणि अंत्यपद हें नदीकांठच्या सखल भूमीचें वाचक. नॉर्थंबरलंडांतील साउथ टाइन नदीजवळचें फेदरस्टन हें त्याचें मूलस्थान होय.

पुढें या आडनांवाची एक शाखा ससेक्सांतील अपपार्क येथें नांदली. तेथील सर हॅरी यांनीं १८२५ सालीं, सत्तरी उलटल्यावर, वाड्यांतील दूधदुभतें पाहणाऱ्या तरुण दासीशीं विवाह केला. १८४६ मध्यें ते निपुत्रिक वारले. पत्नीच्या पश्चात् वाडा तिच्या बहिणीकडे आला, आणि तिनें फेदरस्टनहॉ हेंच आडनांव धारण केलें. १८९५ मध्यें तीहि वारली. नंतरच्या वारसानेंहि तेंच केलें.

रक्ताचा धागा तुटला, तरी नांव वास्तूबरोबर चालत राहिलें. केवळ आडनांवावरून वंशावळ जुळविणारांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.