अवसेच्या दुपारी तीन वाजता

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८

अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना गोपनीय इशारा धाडला: येत्या काही दिवसांत बनावट कार्डं वापरून जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसले जातील. असे चोर बहुतेकदा एकच वेळ साधतात. शनिवार, बँकांची दारं बंद व्हायला लागली की लगेच.

शनिवार, ११ ऑगस्ट, सकाळ

महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्यात आषाढी अमावस्या. निम्म्या पुण्यात समया-निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडलेली, कणकेचे दिवे वाफवायला ठेवलेले. उरलेलं निम्मं पुणं उद्यापासून श्रावण म्हणून मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभं. काही घरांत दोन्ही. गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस बँकेचं मुख्यालय आहे. १९०६ सालची ही सहकारी बँक. तिच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर आधीच शिरलेलं होतं.

दुपारी ३

पैसे निघायला लागले.

कसे, हे नीट पाहायला हवं. एटीएम स्वतः काहीच ठरवत नाही. तुम्ही कार्ड घातलंत की ते व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या ‘स्विच’ला विचारतं, ‘देऊ का?’ स्विच बँकेच्या मुख्य संगणकाला, म्हणजे सीबीएसला विचारतो. शिल्लक बघून सीबीएस हो किंवा नाही म्हणतो, आणि ते उत्तर आल्या वाटेनं परत जातं. चोरांनी या वाटेवर स्वतःचा एक तोतया स्विच बसवला. आलेला प्रश्न सीबीएसपर्यंत पोचूच द्यायचा नाही, मधल्या मध्ये उत्तर द्यायचं. उत्तर एकच: हो.

तिजोरी फोडली नाही, कुणाचा पिन चोरायला रांगेत मागे उभं राहावं लागलं नाही. पेशवाईतल्या तोतयाला निदान सदाशिवरावभाऊंसारखं दिसावं लागलं होतं. इथे तेवढीही गरज नव्हती, कारण उत्तर नेमकं कुठून आलं हे यंत्राला कळायला मार्गच नव्हता.

संध्याकाळ

इकडे दिवे लागले. तिकडे २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं बनावट कार्डं घेऊन उभी होती. भारतातही होती, त्यातली काही आपल्या कोल्हापुरात.

ही गोष्ट बँकेपुरती आहे असं समजून पान उलटू नका. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरात बसून, सुमारे सोळा किलोमीटरवरच्या महामार्गावर धावणारी जीप चेरोकी बंद पाडून दाखवली. गाडीत एक पत्रकार होता, त्याच्या संमतीनं. शिरकाव झाला तो डॅशबोर्डवरच्या, इंटरनेटला जोडलेल्या गाण्याबजावण्याच्या यंत्रातून. गाडीच्या आतल्या तारांवर ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन एकमेकांना निरोप देतात, आणि निरोप कुणी धाडला हे त्या मूळ रचनेत तपासलंच जात नाही. ‘ब्रेक सोड’ असा निरोप आला, की सोड. कंपनीनं १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. जीपचीच ‘कंपास’ २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला बनते. आपल्या जिन्यातल्या कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा असतो हे किती सोसायट्यांच्या सभेत निघतं?

रात्री १०

सात तास संपले. परदेशात व्हिसा कार्डांवर सुमारे १२,००० व्यवहार, ७८ कोटी रुपये. देशात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार, अडीच कोटी.

रविवार, १२ ऑगस्ट

श्रावण लागला. एफबीआयचा तो गोपनीय इशारा अमेरिकेतल्या एका सायबर पत्रकारानं या दिवशी जगासमोर आणला.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

पहिला श्रावणी सोमवार. बँक उघडली होती आणि चोर अजून आतच होते. बँका परदेशात मोठ्या रकमा ज्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून पाठवतात, तिच्यातून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात गेले. एकूण आकडा झाला ९४ कोटी ४२ लाख.

मंगळवार, १४ ऑगस्ट

चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं बँकेनं सांगितलं. ते खरं होतं. पैसे बँकेचे गेले. पण मला या दिलाशाचीच धास्ती वाटते. खातेवही शाबूत राहिली, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर

२०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं आपल्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. ज्यांनी तो तोतया स्विच बसवला, ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे नव्हते.