न भरणारी टाकी

‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही,’ असं छाती काढून सांगणारे गृहस्थ महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात भेटतात. या अभिमानाचं मूळ फ्रान्समधल्या व्हझूल गावी आहे. तिथं १८६० च्या सुमारास झाँ-लुई मुरास यानं घरच्या मैल्यासाठी बंदिस्त टाकी बांधली. काही वर्षांनी उघडून पाहतो तो काय, आत घट्ट मैला जवळपास नाहीच! विज्ञानात रमणाऱ्या आबे म्वान्यो या धर्मगुरूच्या मदतीनं त्यानं १८८१ मध्ये पेटंट मिळवलं आणि टाकीला नाव दिलं ‘स्वयंचलित मैला उपसणारी’.

नाव फसवं होतं. टाकीत सांडपाणी स्थिरावलं की जड ते तळाला बसतं, तेलकट साय वर धरते आणि मधलं गढूळ पाणी नळीवाटे शोषखड्ड्याकडे जातं. तळाचा मैला हवेविना जगणारे जिवाणू खातात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षागणिक चढतो, नळीतून शोषखड्ड्यात उतरतो आणि तिथली माती बुजवतो. संडासातलं पाणी उतरेनासं झालं, की मग घराला टाकी आठवते.

‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ केलं ते इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरून यांनी, १८९५ च्या सुमारास. सेप्टिक म्हणजे कुजवणारी.

तेव्हा मुंबईत कितीतरी घरांचा मैला टोपल्यांतून माणसंच वाहून नेत. १८८८ च्या पालिका कायद्यात त्यासाठी ‘हलालखोर कर’ होता. काम ठरावीक जातींच्या वाट्याला, कर घरमालकाच्या. त्याच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये एक वेगळाच प्रयोग झाला. मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर चक्क इंजिन चालवलं गेलं. हे कुष्ठधाम १८९० मध्ये पालिका आयुक्त ॲक्वर्थ यांच्या पुढाकारानं उभं राहिलं होतं. आज ते ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून वडाळ्यात आहे.

इंजिन चालवणारा हा वायू मुख्यतः मिथेन. त्याच्या सोबतीला कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो जीव घेतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. आत उतरलेल्याला वाटतं, हवा ठीक आहे. एक कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांविना कुणाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं, तरी अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. यातल्या किती टाक्या वर्षानुवर्षं विसरलेल्या असतील?

वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी मुरासचं वचनच मोडीत काढलं. टाकी तुंबेपर्यंत वाट पाहायची नाही. दर तीन वर्षांनी पाळी लावून घरोघरी उपसा करायचा आणि खर्च स्वच्छता करातून भागवायचा. गाळ नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात न्यायचा.

टाकी उपसायला आलेल्या गाडीपुढची पहिली अडचण मात्र बहुधा गाळाची नसतेच. झाकण कुठे आहे, हेच घरात कुणाला ठाऊक नसतं. आजोबांच्या वेळी टाकी झाली, नंतर अंगणात फरशी बसली. मग घरमालक टाचेनं फरशी ठोकत पोकळ आवाज कुठं येतो ते शोधत फिरतो, आणि पाइप खांद्यावर घेतलेला माणूस दारात उभा असतो.