नो डिस्प्ले : काळ्या पडद्याची चाळीस वर्षे

डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टटॉक’ या अमेरिकी मासिकात जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम छापून आला. तीन मिनिटे कुणी कीबोर्डला हात लावला नाही की पडदा काळा करायचा, एवढेच त्याचे काम. काचेच्या नळीच्या मॉनिटरवर तीच ती अक्षरे दिवसभर उभी राहिली, तर आतल्या फॉस्फरच्या थरावर त्यांचा कायमचा डाग उमटे. तो टाळण्यासाठी ही युक्ती. तीन मिनिटांची मुदत बदलायची तर प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागे. याच सोचांनी पुढे ‘नॉर्टन कमांडर’ लिहिला. डॉसवर काम केलेल्या कित्येकांना त्याच्या दोन निळ्या चौकटी अजून आठवत असतील.

पीसीवरचा पहिला स्क्रीनसेव्हर म्हणून या प्रोग्रामचे नाव घेतले जाते. दुरुस्तीच्या धंद्याच्या इतिहासात मात्र त्याची नोंद वेगळ्या कारणाने व्हायला हवी. पडदा काळा पडला म्हणजे काहीतरी बिघडले, हे सरळ समीकरण इथे मोडले. यंत्र आता हुकमानेही काळे पडू लागले. पुढच्या चाळीस वर्षांत अशा हुकमांची संख्या वाढत गेली, बिघाडाची कारणेही वाढली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही अगदी सारखीच दिसत राहिली. चालू डेस्कटॉपची स्क्रीन मध्येच, कुठल्याही वेळापत्रकाशिवाय काळी पडणे हा दोष हार्डवेअरवाल्यांची परीक्षा पाहतो तो यामुळेच.

सुरुवातीला यंत्र निदान तोंडाने सांगत तरी असे. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी पहिला पीसी जाहीर केला. बटण दाबले की तो आधी स्वतःची तपासणी करी. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळे ठीक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्डात दोष. पडदाच बंद असेल तर तक्रार पडद्यावर लिहून उपयोग नाही, हे त्या अभियंत्यांनी ओळखले होते. दुरुस्ती करणाऱ्याबद्दलचा हा आदर होता, आणि तो आणखी एका गोष्टीत दिसतो : या पीसीची सर्किटे आणि बायोसचा प्रोग्राम आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत छापून विकायला ठेवला होता. १९८४ च्या पीसी-एटीपासून तपासणीचा प्रत्येक टप्पा एका ठरावीक पोर्टवर आकड्याच्या रूपात उमटू लागला. तो वाचायला दोन अंकांचे दिवे असलेले छोटे कार्ड निघाले. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या टेबलांवर ते ‘डीबग कार्ड’ या नावाने रुळले.

मुंबईत या धंद्याचा पत्ता म्हणजे लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले. पुढे तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी सुटे भाग घ्यायला निघालेला माणूस अजून जुनेच नाव सांगतो. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा हा बाजार संगणकांचाही झाला. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची ख्याती अशीच. या बाजारांनी ‘असेंबल्ड’ मशीन घरोघरी पोहोचवले आणि त्याबरोबर दोष शोधण्याची एक पद्धतही रुजवली : काढून-लावून बघणे. एका मशीनची रॅम दुसऱ्यात, चांगला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, संशयित मशीनला, शेजारच्या टेबलावरचा मॉनिटर इकडे. शिकलेल्या अभियंत्यांना ही पद्धत अडाणी वाटे. प्रत्यक्षात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे, ही शास्त्रीय प्रयोगाचीच शिस्त आहे.

‘नो डिस्प्ले’ची तक्रार आली की पहिला उपाय ठरलेला : रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, पुसून परत बसवायची. दमट हवेत त्या पट्ट्यांवर मळाचा पातळ थर बसतो, संपर्क तुटतो आणि रॅम न मिळाल्यामुळे मशीन पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. हा उपाय इतक्या वेळा लागू पडला की तो एका पिढीकडून दुसरीकडे आपोआप गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत उघडले, तेव्हा शेकडो डेस्कटॉपबरोबर हे ज्ञानही गावोगावी गेले. भारनियमनाच्या त्या वर्षांत ‘नो डिस्प्ले’च्या तक्रारीला जोड मिळाली ती दुबळ्या बॅटरीच्या यूपीएसची. वीज गेल्याच्या क्षणी दिवा लुकलुके, मॉनिटर डोळे मिटे आणि विद्यार्थ्याचे न साठवलेले काम जाई.

दरम्यान पडद्याला झोपवणारा दुसरा, अधिक अधिकृत हुकूम आला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ योजना सुरू केली. व्हेसा या संस्थेने १९९३ मध्ये मॉनिटरची वीज वाचवण्याचे प्रमाण ठरवून दिले. ते प्रमाण मोठे काटकसरी होते. त्यासाठी वेगळी तार नाही, वेगळा संदेश नाही. चित्राबरोबर आडवी आणि उभी जुळणी सांगणारे दोन स्पंद मॉनिटरकडे जातच असतात. त्यांपैकी आडवा थांबला तर मॉनिटरने थोडी विश्रांती घ्यायची, उभा थांबला तर जास्त, दोन्ही थांबले तर जवळजवळ बंद व्हायचे.

आता विचार करा : व्हीजीए केबलचा स्क्रू ढिला झाला, किंवा ग्राफिक्स कार्डाने मान टाकली, तरीही हे स्पंद थांबतात. मॉनिटरच्या लेखी ‘झोप’ हा आदेश आणि ‘तार तुटली’ ही घटना एकच. अनेक मॉनिटरांवर दिवा हिरव्याचा नारिंगी होई, पण त्यामागे काटकसर आहे की अपघात, हे तो सांगू शकत नसे. वीज वाचवण्याचा हेतू चांगलाच होता; निदानाची किंमत मात्र दुरुस्ती करणाऱ्याने मोजली.

सपाट मॉनिटर आले तेव्हा टॉर्चची युक्ती आली. काळ्या पडद्यावर तिरपा उजेड टाकायचा. अंधूक खिडक्या, चिन्हे दिसली तर चित्र शाबूत आहे, मागचा उजेड गेला आहे. जुन्या एलसीडींत त्या उजेडाच्या नळ्या पेटवणारे सर्किट दमले, की पडदा दोन-तीन सेकंद उजळून विझे. मॉनिटर उघडला की बहुधा वीजपुरवठ्याच्या पट्टीवर फुगलेला कपॅसिटर सापडे.

फुगलेल्या कपॅसिटरांचे प्रकरण या इतिहासातले सर्वांत मोठे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या लाखो मदरबोर्डांवर, एसएमपीएसमध्ये आणि मॉनिटरांत ते बसले होते. प्रोसेसर कमी व्होल्टवर जास्त करंट ओढू लागले होते. त्यांचा पुरवठा स्थिर ठेवायला कमी अंतर्गत रोध असलेले कपॅसिटर हवे होते. पाण्याचे प्रमाण जास्त असलेला द्राव वापरला की ते स्वस्तात बनत. पण पाणी ॲल्युमिनियमला खाते आणि त्या क्रियेतून हायड्रोजन निघतो. ती रोखणारी द्रव्ये योग्य मिसळणे ही जपानी कारखान्यांची खासियत होती. २००२-०३ मध्ये उद्योगपत्रिकांनी छापलेली हकिकत अशी : जपानच्या रुबिकॉन कंपनीतला एक तज्ज्ञ चीनमधल्या कंपनीत गेला, तिथे त्याने तसा द्राव तयार केला, आणि तिथून काही कर्मचाऱ्यांनी त्याचे सूत्र तैवानला नेले. नेलेले सूत्र अर्धवट होते.

परिणाम हळूहळू दिसले. कपॅसिटरच्या माथ्यावर मुद्दाम खाच पाडलेली असते, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. दाब वाढला की ती उघडावी आणि स्फोट टळावा. त्या खाचा फुगल्या, उघडल्या, तपकिरी द्राव बोर्डावर ओघळला. अनेक वर्षे टिकायचा भाग दीड-दोन वर्षांत गेला. आणि तो एकदम जात नसे, हीच अडचण. सकाळी मशीन चाले, गरम झाल्यावर अडखळे. गाणे वाजत असताना पडदा जाई. कधी आपोआप रीस्टार्ट होई. ग्राहक व्हायरसला दोष देत, विंडोज नव्याने टाकून घेत, आणि चार दिवसांनी परत येत.

मोठ्या कंपन्याही सुटल्या नाहीत. डेलच्या ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपांविषयी अमेरिकेत खटला चालला. २०१० मध्ये उघड झालेल्या त्याच्या कागदपत्रांनुसार मे २००३ ते जुलै २००५ दरम्यान पाठवलेल्या १ कोटी १८ लाख संगणकांना हा धोका होता. डेलने २००५ मध्ये त्यापोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. त्यातले दोषी कपॅसिटर निचिकॉन या जपानी कंपनीचे होते, म्हणजे सगळा दोष तैवानच्या माथी मारणे बरोबर नाही. ॲपलनेही आयमॅक जी-५ च्या काही मशीनसाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली. चित्र विस्कटणे किंवा मुळीच न दिसणे ही त्या दोषाची लक्षणे होती.

गल्लीतल्या कारागिरांनी या साथीत जे केले, त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. कंपन्या अख्खा बोर्ड बदलत होत्या. इथे सोल्डरिंगच्या बंदुकीने जुना कपॅसिटर उतरवून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, १०५ अंश तापमान सोसणारा नवा बसवला जाई. काही रुपयांच्या भागात हजारोंचा बोर्ड वाचे.

पुढची पाळी सॉफ्टवेअरची. विंडोज एक्सपीवर ग्राफिक्स चिप अडकली की सगळे मशीन गोठे. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने वेगळा मार्ग काढला : दोन सेकंद वाट पाहायची, उत्तर आले नाही तर ग्राफिक्स ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करायचा. पडदा क्षणभर काळा पडतो, परत येतो, आणि डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता पण सावरला अशी चिठ्ठी दिसते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद ४१०१ या क्रमांकाखाली सापडते. आज विंडोज १० आणि ११ वर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबून हेच काम हाताने करता येते. व्हिस्टासंबंधीच्या एका खटल्यातून बाहेर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आकडेवारीत कोसळण्याच्या सुमारे २९ टक्के घटना एकट्या एनव्हीडियाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत होत्या. काळ्या पडद्याचे मूळ स्क्रूड्रायव्हरच्या आवाक्याबाहेर गेले ते तेव्हा.

तरी वीज काही मागे हटली नाही. २०२० च्या शेवटी आलेल्या मोठ्या ग्राफिक्स कार्डांची सरासरी भूक ३२० वॅटच्या घरात होती, पण क्षणार्धाचा झटका त्याहून खूप मोठा. एसएमपीएस त्याला शॉर्टसर्किट समजे आणि स्वतःला बंद करून घेई. पुन्हा तोच पेच : यंत्र बिघडले नव्हते, स्वतःला वाचवत होते. इंटेलने फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० प्रमाण काढले. ४५० वॅटवरच्या पुरवठ्याने दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अट त्यात घातली.

सर्वांत चमत्कारिक कारण डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी लिहून ठेवले आहे. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीवरून माणूस उठला किंवा बसला की विद्युतचुंबकीय झटका निर्माण होऊ शकतो, तो व्हिडिओ केबल पकडते आणि मॉनिटरची जुळणी तुटते. उपाय म्हणजे चांगल्या आवरणाची केबल किंवा दुसरी खुर्ची. दोष मशीनबाहेर, बसणाऱ्याच्या खाली असू शकतो.

दोष कुठेही असो, तो दुरुस्त करता आला पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर पोर्टल सुरू केले. फोन आणि लॅपटॉप गोंदाने बंद होत असताना डेस्कटॉप अजून चार स्क्रूंनी उघडतो. गल्लीतला कारागीर टिकला आहे तो त्याच्या बळावर. त्याचे काम सोपे करणे वाचकांच्या हातात आहे. पुढच्या वेळी स्क्रीन काळी पडली तर लगेच बटण दाबून मशीन बंद करू नका. आवाज चालू आहे का ते ऐका. कॅप्स लॉकचा दिवा बटणाला दाद देतो का ते पाहा. मॉनिटरच्या दिव्याचा रंग, पंख्यांचा वेग आणि त्या क्षणी काय चालू होते, हे घड्याळातल्या वेळेसह कागदावर लिहा. आणि मशीन दुकानात नेताना तो कागद बरोबर न्या.