किल्लीच्या छापाचं घड्याळ

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना आजोबांचं मनगटी घड्याळ हाती लागलं. आमच्या घरात ह्या घड्याळाचं नाव निघालं की काका उठून गॅलरीत जातात. १९६१ च्या उन्हाळ्यात त्यांनी, वय वर्षं अकरा, ते हातात घालून विहिरीत सूर मारला होता. घड्याळ बंद पडलं ते पडलंच. "वॉटरप्रूफ घड्याळात पाणी घालणारा एकुलता एक प्राणी" ही पदवी त्यांना आजोबांनीच दिली आणि आम्ही पुतण्यांनी ती पुढे चालवली.

तबकडीवरचं नाव पार पुसलेलं. पण उलटं केल्यावर गंमत दिसली. मागचं झाकण गोल नाही, दहा बाजूंचं. आमच्या घड्याळजींनी ते उघडून दिलं तर आतल्या अंगाला 'एफ. बी.' ही दोन अक्षरं आणि खाली एक चिमुकली किल्ली! मग काय, दोन महिने रात्रीची झोप गेली. (बायकोच्या मते अक्कलसुद्धा.)

किल्ली जिनिव्हाची. त्या शहराच्या चिन्हात अर्धा गरुड आणि एक किल्ली असते. आणि एफ. बी. म्हणजे फ्रांस्वा बोर्जेल, जिनिव्हाचा पेटी बनवणारा. घड्याळाचं यंत्र एकाचं, पेटी दुसऱ्याचीच, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ह्या बोर्जेलने १८९१ साली एका पेटीचं पेटंट घेतलं. तोपर्यंत पेटीला मागून बिजागरीचं झाकण असे आणि त्या फटीतून धूळ आत जाई. ह्याने पेटी एकसंध केली आणि तबकडीसकट सगळं यंत्र आटे असलेल्या कड्यात बसवून पुढून फिरवून घट्ट केलं, आपल्या लोणच्याच्या बरणीच्या फिरकीच्या झाकणासारखं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलात ही घड्याळं बरीच वापरली गेली.

पण एक भोक राहिलंच. चावी द्यायची तर दांडी बाहेर यायला हवी, आणि दांडी बाहेर आली की पाणी आत! सगळी लढाई त्या एका भोकाची आहे.

इथे आपल्याला रोलेक्सची गोष्ट आठवते. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची इंग्रज मुलगी मनगटावर ऑयस्टर बांधून इंग्लिश खाडी पोहून गेली, वगैरे. मीही हीच ऐकली होती. खरी हकीकत वेगळी, आणि मला तरी जास्त आवडलेली. ७ ऑक्टोबर १९२७ ला ती खाडी पोहली तेव्हा घड्याळ नव्हतंच. मग दुसऱ्या एका बाईने खोटाच दावा केला, तो उघडा पडला, आणि त्यामुळे ग्लाइट्झच्याही पोहण्यावर शंका घेतली गेली. म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा उतरली, ह्या वेळी घड्याळ गळ्यात अडकवून. पाणी इतकं गार की दहा तासांहून जास्त झुंजून शेवटी तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. २४ नोव्हेंबरला 'डेली मेल'च्या पहिल्या पानभर जाहिरात! बिचारीची न पुरी झालेली पोहणी घड्याळाच्या कामी आली. त्या ऑयस्टरची चावी पेटीवर आट्यांनी घट्ट बसे. ही मूळ कल्पना पेरेगो आणि पेरे ह्या दोघांची, १९२५ च्या पेटंटमधली. विल्सडॉर्फने ती विकत घेतली. उणीव एकच. चावी देऊन परत फिरवायला विसरलात की संपलं.

आमच्या घड्याळाची तऱ्हा निराळी. बोर्जेल १९१२ साली वारला, मुलीने कारखाना चालवला आणि १९२४ मध्ये तो टाउबेर कुटुंबाकडे गेला. छाप त्यांनी तोच ठेवला, किल्लीसकट. दहा बाजूंचं झाकण हे त्यांचं, १९३० नंतरच्या दशकातलं. पाटेक फिलिपसारख्या बड्या घराण्यानेसुद्धा पाणी न शिरणाऱ्या पेट्या ह्यांच्याकडून घेतल्या. म्हणजे आजोबांच्या मनगटावर तशी भारी असामी होती म्हणायची!

आणि त्या भोकाला टाउबेरनी लावलं काय? बूच! बाटलीला असतं तेच लाकडी बूच. दांडीभोवती बुचाची छोटी नळी, दाबून बसवलेली. चावी फिरते, पाणी थांबतं, आटे लावायची आठवण ठेवायला नको. फक्त बूच म्हातारं होतं. सुकतं, आक्रसतं, तडकतं, आणि वेळच्या वेळी बदलावं लागतं.

घड्याळजींनी चिमट्याने दांडी ओढली तेव्हा तिच्याभोवती तपकिरी भुगा होता. "हे कधी बदललेलंच नाही हो," ते म्हणाले. म्हणजे विहिरीच्या वेळीच ते बूच वीसेक वर्षांचं होतं.

त्याच रात्री काकांना फोन लावला. सगळं सांगितलं, बोर्जेलपासून बुचापर्यंत. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "दादांना सांगायला हवं होतं रे कुणीतरी." दादा म्हणजे आजोबा. जाऊन एकतीस वर्षं झाली.

घड्याळ सध्या दुरुस्तीला आहे. झालं की काकांकडे जाईल.