लागाव्हुलिनला पाण्याच्या वाटेनं

सुकाणू तुमच्या हातात आहे. पोर्ट एलनचा धक्का मागे पडून अर्धा तास झालाय, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी आहे आणि शीड पूर्ण फुगलंय. डाव्या हाताला स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांपैकी अगदी दक्षिणेचं आयले बेट सरकतंय. हवा स्वच्छ असली तर उजवीकडे लांबवर आयर्लंडची निळसर रेघ दिसते. महिना जूनचा, तरी अंगात लोकरी स्वेटर आणि वरून वाऱ्यापावसाचं जाकीट आहे. अधूनमधून किनाऱ्याकडून धुराचा वास येतो. तो लाकडाचा नाही, कोळशाचाही नाही. दवाखान्यातल्या औषधाची आठवण व्हावी असा काहीसा तो वास आहे.

पहिल्यांदा दिसते लाफ्रॉइगची पांढरी भिंत. तिच्यावर काळ्या रंगात व्हिस्कीच्या भट्टीचं नाव रंगवलंय, पाण्यावरून लांबून वाचता यावं एवढ्या मोठ्या अक्षरांत. थोडं पुढे लागाव्हुलिन, त्यापुढे आर्डबेग. पोर्ट एलनपासून पाच-सहा किलोमीटरांच्या पट्ट्यात या तीन डिस्टिलरी, आणि तिघींनीही आपलं नाव समुद्राकडच्या भिंतीवर लिहिलंय. गाडीनं येणारा पाहुणा त्यांच्या मागच्या अंगाला उतरतो, तिकीट काढतो, दुकानात फिरतो, दोन घोट घेतो आणि परततो. या भिंती त्याच्यासाठी लिहिलेल्याच नाहीत. आयलेची व्हिस्की समजून घ्यायची तर तिच्याकडे बोटीनंच यावं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे दाखवायला तुम्हाला लागाव्हुलिनच्या खाडीत आणि जरा मागच्या काळात न्यायला हवं.

खाडीचं तोंड अरुंद आहे. शीड उतरवा, इंजिन हळू ठेवा आणि खडकांवर रोवलेल्या लाल-हिरव्या खुणांच्या मधून बोट आत घाला. नजर पाण्यावरून हलवू नका. उजव्या हाताच्या खडकावर डुनिव्हेग किल्ल्याचे पडके अवशेष आहेत. त्यांच्याजवळून जाताना साल बदलू द्या.

आता १४०० च्या आसपासचा काळ आहे. किल्ल्याची भिंत उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी बिर्लिन जातीच्या युद्धनौका बांधलेल्या आहेत. लांबट लाकडी बांधा, दोन्ही बाजूंना वल्ही, मधोमध एकच चौकोनी शीड. व्हायकिंगांच्या जहाजांची ही थेट वंशज. मॅकडॉनल्ड घराण्याचे सरदार स्वतःला बेटांचे स्वामी म्हणवतात, आणि त्यांची सत्ता घोड्यांवर नव्हे तर या वल्ह्यांवर चालते. इथल्या माणसाला डोंगर ओलांडून शेजारच्या गावी जाण्यापेक्षा पाण्यावरून आयर्लंड गाठणं सोपं वाटतं. १४९३ साली स्कॉटलंडच्या राजानं हे स्वामित्व खालसा केलं. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १४९४ मध्ये, राजाच्या हिशेबवहीत जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला ‘जीवनजल’ बनवण्यासाठी आठ बोल (धान्याचं जुनं माप) माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, दिल्याची नोंद झाली. स्कॉच व्हिस्कीचा सगळ्यात जुना लेखी पुरावा म्हणून हीच नोंद दाखवतात.

बोट आणखी थोडी आत घ्या. एकोणिसावं शतक नुकतंच लागलंय. किल्ला पडलाय, पण किनाऱ्यालगतच्या बसक्या झोपड्यांतून धूर निघतोय. या खाडीकाठी अशा दहाएक चोरट्या भट्ट्या होत्या असं सांगतात. शेतकरी कुळं बार्ली पिकवतात, उरलेल्या दाण्याची दारू गाळतात आणि तिच्या पैशातून जमीनदाराचा खंड भागवतात. दाराशी उभा असलेला पोरगा समुद्रावर डोळा ठेवून आहे, कारण अबकारी खात्याचं जहाज आलं तर तिकडूनच येणार. मग १८२३ साली कायदा बदलला. दहा पौंडांत परवाना मिळू लागला आणि कर निम्म्याहून खाली आला. चोरून गाळण्यात जीव घालण्याएवढा फायदा उरला नाही. या किनाऱ्यावरचे काहीजण त्याआधीच उजेडात आले होते: लाफ्रॉइग आणि आर्डबेग १८१५ ची, लागाव्हुलिन १८१६ ची.

१८८० च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड नावाचा लंडनचा पत्रकार आगबोटीनं या बेटावर आला. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या दीडशेहून अधिक डिस्टिलरी त्यानं स्वतः फिरून पाहिल्या आणि १८८७ साली त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ काढला. डिस्टिलरी बघत हिंडण्याच्या सहलीचा तो आद्य प्रवासी. त्याच्यापाशी फार थांबायला नको, कारण मला तुम्हाला न्यायचंय ते १९३४ सालच्या उन्हाळ्यात.

आता तुम्ही शिडाच्या बोटीवर नाही. पायाखाली काळी, बुटकी, सपाट बुडाची वाफेवरची मालबोट आहे. ग्लासगोकडचे लोक तिला पफर म्हणतात. खलाशी तीन-चारच: कप्तान, त्याचा जोडीदार, इंजिनवाला, आणि स्वयंपाकापासून दोर ओढण्यापर्यंत सगळं करणारा एक पोरगा. तो पोरगा म्हणजे तुम्ही. पोटात कोळसा, बार्ली आणि रिकामी पिंपं आहेत. सपाट बुडामुळे ही बोट हेब्रिडीजच्या कितीतरी किनाऱ्यांवर भरतीला वाळूवर चढते, ओहोटीला कोरडी बसते आणि माल थेट घोडागाडीत उतरवते. इथे ती सोय नाही. उधाणाला मुंबईचं पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, पण पोर्ट एलनच्या बाजूला हा फरक मीटरभरही होत नाही. म्हणून लागाव्हुलिनला धक्का लागतो. लागाव्हुलिन जिच्या मालकीची होती त्या ‘व्हाइट हॉर्स’ व्हिस्कीच्या कंपनीनं आपल्या भट्ट्यांचा माल वाहायला १९२३ मध्ये ‘पिब्रॉक’ नावाची स्वतःची पफर बांधून घेतली, यावरून समुद्राची वाट किती मोलाची होती ते कळेल.

दोर टाकला, बोट धक्क्याला लागली. आधी कोळसा. तुम्ही तळात उतरून फावड्यानं लोखंडी बादली भरता, वरचा माणूस ती वाफेच्या यारीनं उचलतो. तासाभरात तुमच्या नाकातोंडात काळी भुकटी बसते. मग बार्ली, आणि ती मात्र भिजता कामा नये. आकाशाकडे बघत सगळे घाई करतात.

बार्लीमागोमाग तुम्हीही आत जा. आपण नाचणीला मोड आणतो तसंच इथेही चाललंय, फक्त टनांच्या हिशेबात. दोन-तीन दिवस भिजवलेला दाणा दगडी जमिनीवर वीतभर जाडीनं पसरलाय आणि माणसं लाकडी फावड्यांनी तो उलटवताहेत. दर काही तासांनी, रात्रीसुद्धा. नाही उलटवला तर मोड एकमेकांत गुंततात आणि खालचा दाणा तापून बिघडतो. जन्मभर हे काम करणाऱ्याचा एक खांदा खाली झुकतो. मोड पुरेसे आले की दाणा भट्टीच्या जाळीवर जातो आणि खाली पीट पेटवतात. दलदलीत शेवाळ आणि हीदरची झुडपं हजारो वर्षं कुजून, दबून जी तपकिरी माती होते तिचं नाव पीट. बेटावर झाडं मोजकी, कोळसा विकतचा, म्हणून जळण हेच. तिच्या धुरातले फिनॉल नावाचे घटक ओल्या दाण्याच्या सालीला चिकटतात आणि पुढे गाळणीतून, पिंपातून, वर्षांनुवर्षं टिकून पेल्यापर्यंत येतात. सकाळी पाण्यावर आलेला औषधी वास तो हाच.

पुढे तांब्याच्या मोठ्या भट्ट्या. वाफ थंड होऊन पाण्यासारखी स्वच्छ दारू धारेनं पडते ती पितळी चौकटीच्या काचपेटीत. पेटीला कुलूप आहे. दारू डोळ्यांनी बघायची, आतल्या मापानं तिचा जोर वाचायचा, कुठली धार ठेवायची आणि कुठली परत भट्टीत घालायची ते बाहेरची मूठ फिरवून ठरवायचं, पण थेंबालाही हात लावायचा नाही. अबकारी अधिकारी डिस्टिलरीच्या आवारातच राहतो, आणि त्याच्या नकळत हे कुलूप उघडत नाही. ही पद्धत १९८३ पर्यंत चालली.

दुपारी कामगार रांगेत उभे राहतात. तुम्ही कोळसा उपसलाय, तुम्हालाही बोलावतात. व्यवस्थापक प्रत्येकाला त्या नव्या, रंगहीन दारूचा पेला देतो. साठ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल, एका घोटात संपवायचं आणि कामाला लागायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, सुटताना एकदा, आणि घाण काम केलं तर वर एक. डिस्टिलऱ्यांमधला हा रिवाज १९७० च्या दशकापर्यंत टिकला. त्याला गोड रंग द्यायची माझी तयारी नाही. यंत्रांमध्ये राबणाऱ्या माणसाला दिवसातून तीनदा कच्ची दारू पाजणं ही क्रूर गोष्ट होती आणि ती बंद झाली हे फार बरं झालं.

त्याच उन्हाळ्यात, किनाऱ्यानं थोडं मागे, लाफ्रॉइगच्या कचेरीत ग्लासगोची एक पदवीधर मुलगी हंगामी टायपिस्ट म्हणून रुजू झालीय. नाव बेसी विल्यमसन. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठल्यामुळे कागदांचे ढीग वाढताहेत. वीस वर्षांनी, १९५४ मध्ये, मालक इयन हंटर वारले आणि त्यांनी डिस्टिलरी तिच्या हवाली केली. विसाव्या शतकात स्कॉच डिस्टिलरीची मालकीण होऊन ती चालवणारी बाई दुसरी सहज सापडणार नाही. आयलेवर आलात तर तिचं नाव घेतल्याशिवाय परतू नका.

पफर रिकामी झाली, भरलेली पिंपं चढली, दोर सोडला. खाडीबाहेर पडताना साल पुन्हा बदलतं. १९६८ मध्ये बेटावर गाड्या पोटात घेणारी फेरी सुरू होते आणि पफरचा धंदा बसतो. १९७४ मध्ये लागाव्हुलिनची दाणे उलटवायची जमीन बंद पडते, माल्ट आता पोर्ट एलनच्या कारखान्यातून येतो. १९८१ मध्ये आर्डबेग थंड होते, १९८३ मध्ये पोर्ट एलनची डिस्टिलरी. जगात व्हिस्की जास्त झाली आणि गिऱ्हाईक कमी पडलं, एवढंच कारण. बेटावरच्या घरांना मात्र ते पुरून उरलं. आर्डबेग १९९७ नंतर नव्या मालकाकडे नीट उभी राहिली. पोर्ट एलनला २०२४ उजाडावं लागलं.

आता तुमच्या बोटीवर परत या. जाहिरातीत सांगतात की या व्हिस्कीत समुद्राचा खारेपणा मुरलाय. मला ते पटत नाही. आयलेवर गाळलेली पुष्कळशी दारू टँकरनं मुख्य भूमीवर जाऊन तिथल्या गोदामांत मुरते, तिला समुद्राचं वारंही लागत नाही, तरी ती आयलेचीच वाटते. तो गुण पीटचा. समुद्रानं दिली ती वाट: बार्ली आणली, कोळसा आणला, पिंपं नेली. धक्का जिथे बांधता आला तिथेच भट्टी उभी राहिली. रबरी होडीतून वल्हवत तुम्ही लागाव्हुलिनच्या धक्क्याला लागता तेव्हा त्याच वाटेवर असता, आणि पांढऱ्या भिंतीवरचं नाव तुम्हाला उद्देशूनच लिहिलेलं असतं.

जायचं ठरलं तर मे ते सप्टेंबर हा काळ धरा. मेअखेरीस बेटाचा व्हिस्की महोत्सव असतो, तेव्हा पोर्ट एलनला बोट लावायला जागा मिळवताना दमछाक होते. डिस्टिलरीची फेरी आधी नोंदवून ठेवा. उत्तरेला कूल ईला आणि बुनाहावन या डिस्टिलऱ्यांकडे जाणार असाल तर आयले आणि शेजारचं जुरा बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीत प्रवाह पाच नॉटपर्यंत धावतो, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. आणि सुकाणू धरणाऱ्यानं धक्क्यावर पिऊ नये. गाडी चालवणाऱ्यांसाठी डिस्टिलरीवाले वाट्याची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात. तीच मागून घ्या आणि रात्री बोट नीट बांधून झाल्यावर उघडा.