धूर दिसला, धाप दिसली नाही

इ.स. 1617 मध्ये बादशहा जहांगीराने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली आणि तशी नोंद आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली. त्याआधी जेमतेम बारा-तेरा वर्षांपूर्वी असद बेग हा अकबराचा दूत विजापूरहून परतताना तंबाखू आणि नक्षीदार चिलीम सोबत घेऊन आला होता. उत्तरेच्या दरबारात तंबाखूचा असा गाजावाजा झाला तो दख्खनमधून आलेल्या नजराण्यामुळे. अकबराने कुतूहलापोटी काही झुरके घेतले. दरबारी हकिमाने हरकत घेतली, कारण आपल्या वैद्यकग्रंथांत या वस्तूची परीक्षा झालेली नव्हती. अमीर-उमरावांनी मात्र तिची मागणी सुरू केली, व्यापाऱ्यांनी ती पुरवली आणि हकिमाची हरकत व बादशहाची बंदी दोन्ही कागदावर राहिल्या. पुढच्या चारशे वर्षांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. राज्यकर्त्यांनी तंबाखूवरचा महसूल पाहिला, तिचा धूर पाहिला, फार पुढे त्या धुराचा त्रास होणारा शेजारीही पाहिला. ज्याने तंबाखू सोडली आणि सोडल्यावर ज्याचा श्वास कोंडला, जीव घाबरला, त्या माणसाकडे पाहायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. दिल्लीच्या पहाडगंजचा इतिहास या अंगाने वाचला, की ही उणीव स्पष्ट दिसते.

पहाडगंज ही मोगल काळातली धान्याची घाऊक पेठ. शहाजहानाबादच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाजाच्या पलीकडे वसलेली. विसाव्या शतकात तिच्या कुशीला नवी दिल्लीचे रेल्वे स्थानक आले, फाळणीनंतर निर्वासित आले, साठ-सत्तरच्या दशकांत पाठीवर पिशवी टाकून फिरणारे परदेशी तरुण आले आणि त्यांच्यासाठी मेन बझारात स्वस्त लॉज उभे राहिले. मराठी माणसालाही ही वस्ती परकी नाही. नूतन मराठी शाळा इथलीच. अशा ठिकाणी हमाल, हातगाडीवाले, रात्रपाळीचे नोकर आणि गाडीची वाट पाहणारे प्रवासी यांचे दिवस उभ्या कामात किंवा रिकाम्या प्रतीक्षेत जातात, आणि दोन्हींवर सर्वांत स्वस्त उतारा म्हणजे बिडी. तिचे तेंदूपान गोंदिया-भंडारा, चंद्रपूरसारख्या जंगलपट्ट्यांतून येई. कामठी आणि सिन्नरसारख्या गावांनी बिड्या वळण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले. रेल्वेने हा माल दूरवर पोचवला. म्हणून पहाडगंजच्या धुराची गोष्ट दिल्लीपुरती राहत नाही. तिचे एक टोक विदर्भातल्या जंगलात आहे.

स्वतंत्र भारताने या धुराकडे पाहिले ते आधी अर्धवट. 1975 च्या कायद्याने पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे केले, पण तो कायदा फक्त सिगारेटला लागू होता. बिडी ओढणाऱ्याला सरकारने एका शब्दानेही सावध केले नाही. 1989 च्या रेल्वे कायद्यातल्या कलम 167 ने डब्यातल्या सहप्रवाशाच्या हरकतीला वजन दिले. दिल्लीच्या विधानसभेने 1996 मध्ये धूम्रपानबंदी आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या आरोग्यरक्षणाचा कायदा केला. तो 26 जानेवारी 1997 पासून अमलात आला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई केली. मग 2003 चा केंद्रीय कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे कडक नियम. पहाडगंजच्या एखाद्या लॉजला हे नियम लावून पाहावेत. तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेललाच धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. इथल्या असंख्य लॉजमध्ये तेवढ्या खोल्याच नाहीत, म्हणजे तिथे अशी जागाच ठेवता येत नाही. दाराशी किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरची पांढऱ्या पार्श्वभूमीची पाटी हवी आणि नियम मोडणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड. कायद्याला खोल्यांची संख्या ठाऊक आहे, पाटीचे माप ठाऊक आहे. त्याच लॉजचा रखवालदार बिडी सोडून तिसऱ्या रात्री छाती धरून बसला, तर त्याने कोणाला विचारायचे, याबद्दल त्या नियमांत अवाक्षर नाही.

असे का झाले, याचे एक उत्तर वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 1964 च्या गाजलेल्या अहवालाने धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठामपणे मांडला, पण तंबाखूला सवयीच्या वर्गात टाकले. व्यसन मानले नाही. तंबाखू सोडल्यावर होणाऱ्या त्रासाला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात जागा मिळाली ती 1980 मध्ये, आणि निकोटीन व्यसन लावते असे सर्जन जनरलने निःसंदिग्धपणे सांगितले ते 1988 मध्ये. तोपर्यंत जगभरच्या दवाखान्यांत सोडणाऱ्याची घालमेल म्हणजे मनाचा कच्चेपणा, हाच समज होता. प्रत्यक्षात ती शरीराची ठरलेली प्रक्रिया आहे. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. तलफ, चिडचिड, बेचैनी, झोपमोड हा त्रास पहिल्या आठवड्यात शिगेला पोचतो आणि बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. धुराने मंदावलेले हे तंतू पुन्हा काम करू लागले, की साचलेला कफ वर येतो, म्हणून काही जणांचा खोकला सोडल्यानंतर काही काळ वाढलेला वाटतो. त्यात घाबरलेला माणूस भराभर उथळ श्वास घेतो, त्याने छाती आणखी आवळते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुणावते. चहाचीही एक बाजू आहे: धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिन लवकर निपटते, धूर थांबला की तेच चार कप चहा अंगात जास्त वेळ राहतात आणि धडधड वाढवतात. हे सगळे ज्याला आधी कोणी सांगितलेले नाही, तो साधा हिशेब करतो: ओढत होतो तेव्हा बरा होतो, सोडली आणि दम लागला. मग तो पुन्हा टपरीकडे वळतो.

या माणसासाठी काही घडू लागले ते 2001-02 मध्ये. जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालय यांनी देशात तेरा तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू केली. त्यांतले एक दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये होते. त्याच संस्थेतून 2016 च्या मे महिन्यात राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडणाऱ्यांसाठीची फोनसेवा, सुरू झाली आणि 1 सप्टेंबर 2018 पासून 1800-11-2356 हा तिचा निःशुल्क क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापला जाऊ लागला. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालयही पुढे या कामात सामील झाले. जहांगीराच्या बंदीनंतर सुमारे चारशे वर्षांनी सोडणाऱ्याला विचारायला एक दार मिळाले.

यावर पहिला आक्षेप असा, की बंदीनेच तर काम झाले. प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणारे 2009-10 मध्ये 14 टक्के होते, 2016-17 मध्ये 10.7 टक्के झाले. हे खरे आहे आणि बंदी सैल व्हावी असे कोणीही म्हणू नये. पण त्याच दुसऱ्या पाहणीत 38.5 टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आदल्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले, आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी कोणाचीही मदत न घेता. इतक्या लोकांनी सोडू पाहिली आणि तरी त्यांतले बरेच ओढणाऱ्यांतच मोजले गेले; इच्छेला आधाराची जोड नव्हती, असाच याचा अर्थ लावावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की दम लागेल, जीव घाबरेल असे आधीच सांगितले तर लोक सोडायलाच भितील. पण भीती अनपेक्षित गोष्टीची जास्त असते. शिवाय सांगायचे ते पूर्ण सांगावे. 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता आणि उदासी, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, काही आठवड्यांनंतर कमी झालेली दिसली. बिडीने शांत वाटते ते मुख्यतः आधीच्या बिडीने लावलेली तलफ भागते म्हणून.

तिसरा आक्षेप खास दिल्लीचा आहे: हिवाळ्यात इथली हवाच धुराची, मग बिडी सोडून काय साधणार? दूषित हवेने सोडणाऱ्याचा खोकला आणि धाप वाढू शकते, हे नाकारता येत नाही. पण आधीच भार सोसणाऱ्या फुप्फुसावर आणखी धूर ओतावा, असे त्यातून निघत नाही. फ्लेचर आणि पेटो यांनी 1977 मध्ये लंडनच्या नोकरदार पुरुषांच्या पाहणीवरून दाखवले, की गमावलेली फुप्फुसाची ताकद सोडल्यावर सहसा परत येत नसली, तरी तिची घसरण न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. चाळिशीतल्या हमालासाठी याचा अर्थ कामाची आणखी काही वर्षे, असा होऊ शकतो. एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक धाप सोडण्याचीच असते असे नाही. छातीत दुखणे, घरघर, ओठ निळसर होणे, थुंकीतून रक्त येणे, चार पावलांत दम लागणे ही लक्षणे दिसली तर घरगुती धीर पुरत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दम्याचा, सीओपीडी या फुप्फुसाच्या दीर्घकालीन विकाराचा किंवा क्षयाचा रुग्ण याच वेळी सापडू शकतो.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे बंदीची अंमलबजावणी होते, तिथेच सोडणाऱ्याची विचारपूसही व्हावी: रेल्वेच्या हमालांच्या विश्रांतिगृहात, लॉजच्या नोकरांत, महापालिकेच्या दवाखान्यांत, आणि गोंदिया-सिन्नरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही. आणि वाचकांना विनंती: घरात कोणी नुकतीच बिडी-सिगारेट सोडली असेल, तर पहिले चार आठवडे त्याच्या चिडचिडीला स्वभावदोष समजू नका. त्याचा चहा थोडा कमी करा, रात्री जीव घाबरला तर शेजारी बसून संथ श्वास घ्यायला सांगा आणि 1800-11-2356 हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये नोंदवून द्या.