जाम बोल्टचा इतिहास कुठे शोधायचा?

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. तेव्हा आठवणींचे लेख भरपूर आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्या २० या आकड्यापाशी थांबायला हवं. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, दिवसभर धावणं, आणि मूळ आराखडा १९५०च्या दशकातल्या इटालियन फियाट ११००चा. अशी गाडी २० वर्षं चालते याचा अर्थ कुणीतरी तिचं इंजिन पुन्हा पुन्हा उघडलेलं असतं. आणि जुनं इंजिन उघडताना पहिला अडथळा असतो जाम झालेला बोल्ट.

आजचा लेख त्या बोल्टबद्दल आहे. तो न तोडता काढणं हे एक कौशल्य आहे. त्याचा इतिहास लिहायचा तर पुरावा कुठे सापडेल, हा आपला प्रश्न.

बोल्ट जाम का होतो

आधी थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुरावा वाचता येत नाही. लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत तेवढी जागा नसते, म्हणून तो पाचरीसारखा ठासून बसतो. फियाटच्या इंजिनात आणखी एक अडचण होती. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. पोलादी स्टड अॅल्युमिनियमला टेकलेला असेल आणि मध्ये खारं पाणी शिरलं, तर विजेच्या सेलमध्ये होते तशी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती घट्ट बसते. सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे स्टड तर रोज तापतात, रोज थंड होतात. सगळ्यात हट्टी तेच.

कुठला पाना?

दुसरी गोष्ट मापाची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथून निघणारी फियाट मिलिमीटरच्या मापाची. अॅम्बेसेडर मात्र ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली आणि महिंद्रची जीप अमेरिकन विलीजची, म्हणजे दोन्हींचे नट-बोल्ट इंची. भारताने वजनमापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये केला, पण गॅरेजमध्ये दोन्ही मापं पुढे कित्येक वर्षं शेजारी-शेजारी नांदली.

याने फरक काय पडतो? अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या डोक्यावर १३चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल. साध्या बोल्टला हे चालून जातं. जाम बोल्टला जोर लावला की कोपरे घासले जातात, डोकं गोल होतं आणि पुढचे बरेचसे मार्ग बंद होतात. म्हणून जुन्या बोल्टचं गोल झालेलं डोकं दिसलं, तर त्यामागे दोन मापपद्धतींचा इतिहासही असू शकतो.

काढण्याची रीत

रीत सांगायला सोपी आहे. तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे. रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर मुरू द्यायचं. डोक्यावर हातोडीने मोजके ठोके द्यायचे, म्हणजे गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरतं. सहा कोनी गोटी वापरायची, बारा कोनी नाही. सैल करण्याआधी बोल्ट किंचित आवळून बघायचा. कधीकधी गंजाची पकड तिथेच सुटते. मग पाव फेरा मागे, थोडं पुढे, पुन्हा तेल.

एवढ्यावर नाही सुटला तर तेल-रॉकेल नीट पुसून गॅसची ज्योत. इथे धातू ओळखावा लागतो. उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून हेड तापवलं की भोक मोठं होतं आणि स्टड मोकळा होतो. बिडाच्या ब्लॉकमध्ये तसं होत नाही, कारण बीड आणि पोलाद साधारण सारखंच फुगतात. तिथे तापवणं-थंड करणं असं आलटून पालटून केल्याने गंज फुटतो. गरम बोल्टला मेणबत्ती टेकवायची युक्तीही जुनी आहे: वितळलेलं मेण आट्यांच्या बारीक फटीत आपोआप ओढलं जातं.

पण खरं कौशल्य या यादीत नाही. ते आहे कधी थांबायचं यात. गंज सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि पाना एकदम हलतो. बोल्ट तुटण्याच्या बेतात असतो तेव्हा आवाज येत नाही. पाना हलतो, पण मऊ, रबरासारखा. म्हणजे बोल्ट फिरत नाहीये, पिळला जातोय. हा फरक हाताला कळला तर माणूस थांबतो, परत तेल टाकतो. नाही कळला तर स्टड आतच तुटतो. मग ड्रिल, वेल्डिंग किंवा टर्नरकडची वारी, आणि टॅक्सीवाल्याची त्या दिवसाची कमाई बुडते.

पुरावा

आता आपल्या कामाचं. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडलं तर हेडचे नट कोणत्या क्रमाने आणि किती जोराने आवळायचे याचे आकडे मिळतात. किती जोराने *सोडवायचे* याचा आकडा नसतो, असू शकत नाही, कारण प्रत्येक जाम बोल्ट वेगळा. मॅन्युअल नव्या बोल्टसाठी लिहिलेलं असतं. सरकारी फायलींत परवाने आणि उत्पादन सापडतं. म्हणजे कागद गाडी कशी बनली ते सांगतात. ती कशी टिकली याबद्दल जवळपास गप्प असतात. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापरातून आणि दुरुस्तीतून लिहावा असा आग्रह धरला, तो याच अडचणीमुळे महत्त्वाचा ठरतो. मायकेल पोलान्यी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हणतात, त्याचं तो मऊ पाना हे चांगलं उदाहरण आहे.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, वस्तू वाचा. जुन्या इंजिनावर छिन्नीच्या खुणा, गोल झालेली डोकी, मूळ मापापेक्षा जाड स्टड, भोकात बसवलेली बुश हे सगळं नोंदवा. प्रत्येक खूण म्हणजे एका दुरुस्तीची नोंद आहे.

दुसरी, मुलाखत बोल्ट समोर ठेवून घ्या. "जाम बोल्ट कसा काढता?" असं खुर्चीत बसून विचारलं तर "तेल टाकायचं, हळू काढायचं" यापलीकडे फारसं हाती लागत नाही. मिस्त्रींच्या हातात पाना असताना "आता का थांबलात?" असं विचारा. उत्तर वेगळं येईल.

तिसरी आणि सगळ्यात अवघड: फसलेले प्रयत्न शोधा. आज दिसणारी जुनी इंजिनं ही टिकलेली इंजिनं आहेत. ज्यांचे स्टड तुटले, हेड वाया गेलं, ती भंगारात गेली. फक्त टिकलेल्या गाड्या पाहून "आमच्या मिस्त्रींना सगळं जमायचं" असं लिहिलं तर तो इतिहास होत नाही, गौरवग्रंथ होतो. मुंबईपुरता याचा शोध कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या गाड्यांच्या भंगार बाजारात सुरू करता येईल. पद्मिनी जिथे बनली, त्याच उपनगरात.

यात घाई आहे. मॅन्युअल ग्रंथालयात आणखी ५० वर्षांनीही मिळेल. हाताला कळणारा फरक त्या हातांबरोबर जातो, आणि तो शिकवायला लागणारी इंजिनंही आता वितळवली जात आहेत. तेव्हा संशोधन प्रस्ताव लिहिताना कुठलंही यंत्र निवडा, पण "ते कुणी बनवलं?" याच्या खालच्या ओळीत "ते कुणी, किती वेळा उघडलं?" हा प्रश्न लिहा. त्याचं उत्तर अभिलेखागारात मिळणार नाही असं गृहीत धरा, आणि फील्डवर्कचे महिने त्या हिशेबाने मागून घ्या.